बॉनेटवरचं धुकं

रविवार, ७ सप्टेंबर

काल गणपती गेले आणि आज गाडी जायचं ठरलं. दोन दिवसांत दोघांना निरोप म्हणजे जरा जास्तच झालं.

अनिरुद्ध खराडीहून जेवायला आला होता. "बाबा, रागावू नका," अशी त्याने सुरुवात केली, तेव्हाच मी आणखी एक मोदक ताटात घेतला. रागवायचं तर पोट भरलेलं असावं. म्हणाला, त्याच्या ऑफिसातल्या नम्रता नावाच्या मुलीला हात बसवायला छोटी, जुनी गाडी हवी आहे. आपली निळी तिला पसंत आहे. "तुम्ही सत्तरी ओलांडलीत. खांबाला दोनदा घासली. आता रिक्षा मोबाइलवर दारात येते."

खांबाचं असं आहे. आमच्या वारज्याच्या सोसायटीच्या फाटकाला दोन खांब. त्यातला डावा गेल्या दोन वर्षांत आत सरकला आहे. बाहेर रस्ता खणला तेव्हा काहीतरी झालं असणार. तेरा वर्षं मी त्याच फाटकातून गाडी काढतोय, मला कळणार नाही का.

भोसरीच्या कारखान्यात लेथवर बत्तीस वर्षं काढली. निवृत्त झालो त्याच आठवड्यात गाडी घेतली आणि मग चालवायला शिकलो, तेही पुस्तक बघून, रिकाम्या मैदानात. एकही गुरू केला नाही. कुसुम म्हणते, ते दिसतंच.

आज मात्र तिने माझी बाजू घेतली नाही. "जाऊ द्या हो. मला हल्ली तुमच्या शेजारी बसलं की धडधडतं." हे ऐकून वाईट वाटलं. दर रविवारी आम्ही दोघं खडकवासल्याला जातो. एक कणीस घेतो. तिचे दात दुखतात म्हणून मी दाणे सोलून तिच्या ओंजळीत टाकतो, उरलेलं मी खातो. रिक्षाने कणीस खायला कोण जातं?

उद्यापासून पितृपक्ष. पंधरवड्यात वाहन घरात आणायचं नाही, दसऱ्याला पूजा करून नेऊ, असं नम्रताच्या आईचं म्हणणं. म्हणजे पंचवीस दिवस हातात आहेत. मी एकच अट घातली. अशी कळा गेलेली गाडी मी कुणाला देणार नाही. आधी तिला घेतली तशी करणार, मग किल्ली.

अनिरुद्ध म्हणाला, "बाबा, चांगली तर दिसते." हल्लीच्या मुलांना चकाकी म्हणजे काय ते माहीत नाही.

मंगळवार, ९ सप्टेंबर

सकाळी गाडी उजेडात घेऊन नीट तपासली. बॉनेट, टप, चारही दारं. सगळीकडे पांढरट, पिवळट धुकं. घेतली तेव्हा हा रंग असा होता की त्यात बघून भांग पाडावा. आता त्यात मी म्हणजे नुसता एक ठिपका दिसतो.

सोसायटीतल्या गाड्या रोज सकाळी संतोष धुतो. यवतमाळकडचा आहे, बायको-मुलांसह शिवण्यात राहतो. तो बादली घेऊन आला.

"काऊन जी काका, काय पाहून राहिले?"

"धुकं आलंय रंगावर."

त्याने वाकून पाहिलं, मग बसून पाहिलं. "मले तं काही दिसत नाही."

"रोज अठरा गाड्या धुतोस. तुझी नजर मेली."

"असंन जी," म्हणाला आणि पुढच्या गाडीकडे गेला. माणूस चांगला आहे, पण बारकावा नाही.

वहीचं हे पान फार लवकर संपलं. हल्लीच्या वह्यांच्या रेघाही फिक्या छापतात, म्हणून मी अक्षर मोठं काढतो.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

गाड्यांच्या सामानाच्या दुकानात दीड तास होतो. दुकानदार समजूतदार निघाला, बसायला स्टूल दिलं.

शिकलो ते असं. पॉलिश वेगळं आणि मेण वेगळं. पॉलिश रंगाचा पापुद्रा काढतं, मेण रंगावर पापुद्रा चढवतं. पॉलिश म्हणजे टाचा दगडाने घासणं आणि मेण म्हणजे थंडीत ओठाला तूप लावणं. लेथवर आयुष्य गेलेल्या माणसाला एवढं पुरे. जितकं घासाल तितका माल कमी होतो. मी पॉलिशला हात जोडले.

मेणाच्याही तीन जाती. फवारायचं, बाटलीतलं पातळ आणि डबीतलं घट्ट. फवारायचं पंधरा दिवस टिकतं. घट्ट मेण कुठल्याशा परदेशी ताडाच्या पानांवरून खरवडून आणतात. कडक उन्हात ते झाड आपल्या पानांना स्वतःच मेण लावून घेतं. झाडाला अक्कल आहे. मी घट्टच घेतलं, कष्ट जास्त पण काम पक्कं. सोबत मऊ फडकी आणि कणकेच्या गोळ्यासारखी एक माती. ओल्या गाडीवर ती फिरवली की रंगात रुतलेली धूळ निघते.

दुकानदाराने परीक्षाही सांगितली. मेण बसलं की नाही ते पाणी शिंपडून बघायचं. पाणी पसरलं तर नाही बसलं. अळवाच्या पानावर उभे राहतात तसे गोल थेंब उभे राहिले, तर बसलं.

कुसुमने डबी हातात घेऊन वास घेतला. "खोबऱ्यासारखा येतोय. फोडणीत पडणार नाही अशा ठिकाणी ठेवा."

रविवार, १४ सप्टेंबर

आज धुलाई आणि माती.

सोसायटीत गाडीमागे एकच बादली पाणी असा उल्काताईंचा नियम. उल्काताई आमच्या सेक्रेटरी, शाळेत मराठी शिकवायच्या. निवृत्त झाल्यापासून वर्ग गेला पण फळा राहिला. फाटकाजवळच्या फळ्यावर दर दोन दिवसांनी बारीक, वळणदार अक्षरात काहीतरी लिहितात. आजही नवीन लिहिलेलं होतं. कुणाला तरी झणझणीत सुनावलेलं दिसतंय, कारण जाणारे-येणारे वाचून हसत होते. लोक का हसतात असं कुसुमला विचारलं तर म्हणाली, "काही नाही, पाण्याबद्दल आहे." त्या अक्षरावर उजेडच पडत नाही. ट्यूब बदला, असं उल्काताईंना लेखी कळवलं पाहिजे.

मी एकाच बादलीत काम केलं. बादली फक्त दोनदा भरली.

माती फिरवल्यावर बोट लावलं तर रंग काचेसारखा गुळगुळीत. पण दिसायला धुकं तसंच.

पुसायला माझी फडकी पुरेनात, म्हणून कपाटातून कुसुमचं जुनं तपकिरी सुती लुगडं काढलं. सुतासारखं पाणी काही टिपत नाही.

सोमवार, १५ सप्टेंबर

ते तपकिरी नव्हतं. ती गडद निळी इरकल होती, तिच्या बहिणीने साठीला दिलेली. दोन्ही शेजारी ठेवलेली, मला दोन्ही सारखीच दिसली. कुसुम बोलत नाही.

मंगळवार, १६ सप्टेंबर

बोलली. "दूध उतू जातंय," एवढंच.

बुधवार, १७ सप्टेंबर

पहिला हात आज दिला. नियम सगळे पाळले. सावलीत, थंड पत्र्यावर, मेण बोटभर नाही तर नखभर, गोल गोल. काळ्या प्लॅस्टिकला लावायचं नाही हे मात्र नंतर कळलं.

डबीच्या मागे किती वेळ वाळू द्यायचं ते मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत लिहिलं आहे. पस्तीस मिनिटं. घड्याळ लावून बरोबर पस्तीस मिनिटं बसलो. मग पुसायला गेलो तर मेण सिमेंट झालेलं. दोन्ही हातांनी घासलं, खांदा भरून आला, मेण ढिम्म.

संतोषला डबी दाखवली. त्याने वाचली. "काका, तीन ते पाच मिन्टं हाय थे. मधात रेघ हाय नं."

"रेघ कुठली? डाग आहे तो."

त्याने शर्टाच्या बाह्या मागे सारल्या आणि त्याच मेणाचा नवा पातळ हात जुन्यावर देऊन, ओला असतानाच पुसून काढला. जुनं मेण नव्या मेणात विरघळतं. ही युक्ती कुठल्या पुस्तकात नाही. तासभर दोघं घासत होतो. पैसे काढले तर म्हणाला, "राहू द्या. तुमच्यापाशी गंमत येते."

बंपर आणि आरशांच्या काळ्या कडा पांढऱ्या झाल्या आहेत, असं तो म्हणतो. म्हशीने ताकात तोंड घातल्यासारखी दिसते म्हणे. मला एवढं काही वाटलं नाही.

शनिवार, २० सप्टेंबर

दुसरा हात. एक-एक भाग घेऊन, तीन मिनिटं, मग पुसणे. मेण वाळलं की पांढरट धुकं येतं आणि ते पुसलं की खाली चकाकी दिसते, असं दुकानदाराने सांगितलं होतं. मी बॉनेट पुसलं. धुकं होतं. पुन्हा पुसलं. होतंच. सकाळी आठ ते अकरा एकच बॉनेट पुसत होतो.

उल्काताई भाजी घेऊन परत आल्या तेव्हा मी तिथेच होतो. "रावसाहेब, जाताना तुम्ही याच जागी होतात. पत्रा शिल्लक आहे ना अजून?"

"धुकं जात नाही हो."

"धुकं घाटात असतं. पार्किंगमध्ये नसतं." आणि निघाल्या. बाई सरळ बोलल्या तर तब्येत बिघडेल त्यांची.

जाता जाता ट्यूबचं बोललो. म्हणाल्या, "परवाच नवीन लावली. लोक डोळ्यावर हात धरून जातात." नवीन वस्तूंची ही गत.

बुधवार, २४ सप्टेंबर

नवरात्र बसलं. कुसुम आणि तिच्या भजनी मंडळातल्या बायका नऊ दिवस ठरलेल्या रंगाच्या साड्या नेसतात. सकाळी निघताना तिला बरं वाटावं म्हणून म्हणालो, "आज राखाडी का? शोभते तुला."

ती दारातच थांबली. "आज निळा आहे. ही निळी आहे."

"निळीच म्हणायचं होतं."

"राखाडी शनिवारी आहे." मग जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुमचं हल्ली कशातच लक्ष नसतं. गाडी, गाडी, गाडी."

खरं आहे. आठ दिवस राहिले.

रविवार, २८ सप्टेंबर

खडकवासल्याची शेवटची फेरी.

कुसुम गाडीत बसली की तिची कॉमेंट्री सुरू होते. दोन वर्षं झाली, आधी नव्हती. "डावीकडून रिक्षा. हळू. पुढे खड्डा. आजोबा रस्ता ओलांडतायत, थांबा. थांबा म्हटलं ना." पूर्वी ती खिडकीबाहेर बघत गाणं गुणगुणायची. आता दोन्ही हात डॅशबोर्डवर, मान पुढे, शत्रू दिसावा तशी. मी तिला म्हणतो, तू बोलतेस म्हणून माझं लक्ष उडतं. ती म्हणते, मी बोलते म्हणून आपण जिवंत आहोत.

आज मात्र म्हटलं, बोलू दे, शेवटचं.

धरणाशी कणीस घेतलं. दाणे सोलताना विचारलं, "तुला खरंच गाडी नकोय?"

"मला भीती नकोय," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मला इथं यायचं असतं. पण आल्यावर अर्धा तास मी परतीचा रस्ताच मोजत बसते. कणसाची चव लागत नाही."

 तिच्या ओंजळीत दाणे टाकले. कणीसवालीने मीठ जास्त लावलं होतं.

येताना फाटकाशी तो खांब पुन्हा आत आलेला. थोडंसं घासलं.

बुधवार, १ ऑक्टोबर

तिसरा हात. शेवटचा. घाई केली नाही. हात एकदा ओळखीच्या वस्तूवरून फिरायला लागला की डोक्याला काम उरत नाही, लेथवरही असंच व्हायचं. मागच्या दारावर पोच आहे, अनिरुद्धने पहिल्यांदा चालवली तेव्हाचा. डिकीच्या कडेला ओरखडा आहे, कुसुमच्या आईची खाट आणली तेव्हाचा. सगळे बोटांना लागले. त्यावर जरा जास्त मेण लावलं.

धुकं काही गेलं नाही. मी हरलो. उद्या नम्रताला सांगीन, बेटा, होता तेवढा जीव लावला.

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहितो, कारण मला स्वतःलाच त्यातलं अर्धं कळलेलं नाही.

अकरा वाजता अनिरुद्ध नम्रताला आणि तिच्या आईला घेऊन आला. मुलगी हसरी. आई मथुराबाई मांजरी गावच्या, घरचा ऊस, अंगावर हिरवं नऊवारी, हातात पूजेचं ताट. आमचं पार्किंग झेंडूने भरून गेलेलं. गाडीला हार, चाकांखाली चार लिंबं. संतोषही थांबला होता, उल्काताई जिन्यात उभ्या.

मथुराबाईंनी कुंकू पाण्यात कालवलं आणि बॉनेटवर स्वस्तिकाची पहिली रेघ ओढली.

रेघ राहिली नाही. रेघेचे थेंब झाले. थेंब एकमेकांपासून लांब पळाले आणि घरंगळत खाली नंबरच्या पाटीवर गेले.

मथुराबाईंनी पुन्हा रेघ ओढली. पुन्हा तेच. अक्षता टाकल्या, त्या घसरल्या. फूल वाहिलं, तेही बॉनेटवरून सुळकन खाली. लहान मुलं घसरगुंडीवरून येतात तसं सगळं ओळीने जमिनीवर येत होतं.

"आगं बया," मथुराबाई हात मागे घेऊन म्हणाल्या. "ही गाडी कुकू घेत न्हाय."

नम्रता म्हणाली, "आई, वॅक्स आहे गं तो. काकांनी मस्त काम केलंय, वॉटर रिपेलंट आहे एकदम."

"काय बी आसंल. वीस गाड्या पुजल्यात मी, ट्रॅक्टर पुजलाय, मळणीयंत्र पुजलंय. कुनी असं तोंड फिरवलं न्हाई. तिला हितनं जायचं न्हाई, दुसरं काय?"

"आई, प्लीज."

"दुसरी बघ तू. ह्या म्हाताऱ्या मान्साची हाय ती."

अनिरुद्ध कपाळाला हात लावून उभा. संतोष मात्र बॉनेटवर वाकून खूश होऊन बघत होता. "काका, काय थेंब उभे राह्यले जी. मोत्यासारखे. एवढं मेण तं शोरूममधी लावत नाहीत. आरसा झाला आरसा."

मी म्हणालो, "कसला आरसा? धुकं तसंच आहे की."

 कुसुमने आधी बॉनेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "यात तुम्हाला तुमचं तोंड दिसत नाही?"

"तोंड कसं दिसेल? एवढं पांढरं आलंय."

ती दोन पावलं मागे गेली. ताटातली आपट्याची पानं उचलून हात वर धरला. "माझ्या हातात किती पानं आहेत?"

"सोनं द्यायचं तर दे, परीक्षा कसली घेतेस?"

"किती आहेत, सांगा."

"एक."

कुसुम जिन्याच्या पायरीवर बसली. उल्काताई पटकन खाली आल्या आणि तिच्या शेजारी बसल्या. दोघींत काय नजरानजर झाली कोण जाणे. कुसुम माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "आणि मी दोन वर्षं तुम्हाला म्हणत्येय, लक्ष नसतं."

डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या. नऊ दिवसांच्या उपासाने चक्कर आली असणार.

मंडळी जेवून गेली, गाडी न नेता. मथुराबाईंनी जाताना मला सोनं दिलं आणि म्हणाल्या, "जपा सोताला." गाडीला जपा म्हणायचं असेल.

परवा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं असं कुसुमने ठरवलंय. बिचारीचे डोळे बिघडलेत वाटतं. मी सोबत जाईन.

शनिवार, ४ ऑक्टोबर

डोळे माझे तपासले.

डॉक्टरीणबाई तरुण, श्रद्धा नावाच्या, कोथरूडला दवाखाना. दुर्बिणीतून बघत विचारलं, "धुकं किती दिवसांपासून आहे?"

मी म्हटलं, "दोनेक वर्षं झाली. पण गाडीवर आहे."

त्यांनी मागे बसलेल्या कुसुमकडे पाहिलं. "आजोबा, मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला."

येताना रिक्षात  डबीवरची रेघ, इरकल, राखाडी साडी, फाटकाचा खांब, एकेक माझ्या मांडीवर येऊन बसत होतं. वारज्याच्या पुलाशी मी म्हणालो, "म्हणजे तो खांब."

"होय," ती म्हणाली.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

उजवा डोळा झाला. वीस मिनिटं. लेथवर साधा बोल्ट कापायला याहून जास्त वेळ लागतो. लिहायला मनाई आहे म्हणून एवढंच.

रविवार, १२ ऑक्टोबर

मनाई मोडतो आहे, कारण न लिहिणं जमत नाही.

काल पट्टी निघाली. आधी दिसला दवाखान्याचा पडदा, निळा. इतका निळा की कुणी पेटवलाय असं वाटलं. मग कुसुम. तिच्या डाव्या भुवईवर तीळ आहे. होता हे मला ठाऊक होतं. कधीपासून बघितला नव्हता हे ठाऊक नव्हतं. "काय बघताय?" म्हणाली. म्हटलं, "साडी कुठली ते बघतोय." "मग सांगा." "हिरवी." "बरोबर," म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला.

घरी आल्यावर आधी पार्किंगमध्ये गेलो.

देवा रे. बॉनेट म्हणजे भर दुपारचं आभाळ. त्यात माझा चेहरा दिसला, डोळ्यावरच्या हिरव्या चष्म्यासकट, नाकातल्या केसांसकट. त्या रंगात कधीच धुकं नव्हतं. पण बाकी जे दिसलं ते लिहायलाही लाज वाटते. दारांच्या फटींत मेण, कंपनीच्या नावाच्या अक्षरांत मेण, काचेच्या रबराला मेण. काळा बंपर खरंच ताकात बुडवलेला. गाडी नव्हे, गंधाची वाटी.

मग खांब पाहिला. सरळ, जागच्या जागी, अंगावर निळ्या रेघा. मी तीन धरून चाललो होतो. सात आहेत.

शेवटी उल्काताईंचा फळा. नवीन लिहिलेलं होतंच. शिवाय त्या जुन्या सूचना पुसण्याआधी कागदावर उतरवून बाजूला टाचून ठेवतात, हे मला तेव्हा दिसलं. उभं राहून सगळ्या वाचल्या.

"फाटकाचा डावा खांब १९९८ सालापासून एकाच जागी उभा आहे. निळ्या गाडीने नोंद घ्यावी."

"दोनदा भरलेल्या एका बादलीस गणितात दोन बादल्या म्हणतात."

"पार्किंगमध्ये तीन-तीन तास एकाच पत्र्याची सेवा करणाऱ्यांनी निदान चटई आणावी."

"वळताना खांबास घासल्यास दिलगिरी व्यक्त करावी. खांब मनाला लावून घेतो."

सगळं माझ्यावर. दोन वर्षं अख्खी सोसायटी वाचून हसत होती आणि मी मान डोलवत पुढे जात होतो, की बरं सुनावलं कुणाला तरी. कुसुमला विचारलं, तू का नाही सांगितलंस? म्हणाली, "तुम्ही वाचून सोडून देताय असं वाटलं. म्हटलं, माणूस मोठ्या मनाचा आहे."

संध्याकाळी उल्काताईंकडे जाऊन खांबाची माफी मागितली.

"बसा," त्या म्हणाल्या. "मलाही मागायची आहे. मी समजत होते की तुम्ही उद्धट आहात." चहा दिला. कप समोर ठेवताना म्हणाल्या, "दिसतोय ना?"

मंगळवार, १४ ऑक्टोबर

अनिरुद्धचा फोन. नम्रताने दुसरी गाडी बघितली, लाल. मथुराबाईंनी दुकानातच बोटभर कुंकू लावून आधी परीक्षा घेतली म्हणे.

"बाबा, मग आपल्या गाडीचं?"

मी काही बोलायच्या आत कुसुमने फोन घेतला. "डॉक्टरीणबाईंनी लेखी दिलं, तर गाडी राहील. नाही दिलं तर मी स्वतः विकीन. तू मध्ये पडू नकोस."

शनिवार, २२ नोव्हेंबर

डावा डोळा होऊन तीन आठवडे झाले. आज डॉक्टरीणबाईंनी तक्त्याची शेवटची ओळ वाचायला लावली. मी ओळ वाचली आणि तिच्याखालचं तक्ता छापणाऱ्याचं नावही वाचलं. कागदावर सही मिळाली. दिवसा चालवा, रात्री नको, असं म्हणाल्या. कुसुमने तो कागद स्वतःच्या पिशवीत ठेवला.

मागचा आठवडाभर जुना दात घासायचा ब्रश घेऊन फटींतलं मेण काढत होतो. संतोषने बंपर साफ करून दिला. खराब झालीच म्हणून पुढे मेणही ज्या इरकलीने पुसलं, ती मात्र मी हाताने धुतली, सावलीत वाळवली. मेणाचे डाग गेले नाहीत. कुसुम म्हणाली, राहू द्या, नेसले की पाऊस तरी लागणार नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

खडकवासला.

फाटकातून निघताना डाव्या खांबाला वीतभर जागा सोडली. फळ्यावर आज एकच ओळ होती. "खांब बरा आहे."

कुसुम नेहमीसारखी बसली. हात डॅशबोर्डवर, मान पुढे. "डावीकडे टेम्पो," म्हणाली.

"दिसला."

"पुढे स्पीडब्रेकर."

"दिसला. त्याच्यावर पांढरे पट्टे आहेत, दोन पुसलेत. पलीकडे एक कुत्रं बसलंय, त्याचा उजवा कान काळा."

तिने माझ्याकडे पाहिलं. शिवण्याला तिचे हात डॅशबोर्डवरून मांडीवर आले. पुढे उत्तमनगरला ती खिडकीबाहेर बघत काहीतरी गुणगुणत होती. पुढे गुणगुणणं थांबलं. मला वाटलं, आता काहीतरी सांगेल, म्हणून वाट बघितली. बोलली नाही. वळून पाहिलं तर मान कलती करून झोपली होती. तेरा वर्षांत माझ्या गाडीत ती कधी झोपली नाही.

धरणाशी गाडी सावलीत लावली. इंजिन बंद केलं तर जाग येईल म्हणून थोडा वेळ तसंच चालू ठेवलं. मग हळूच उतरून कणीस आणलं, मीठ बेताचं लावायला सांगून. दाणे सोलून रुमालावर ठेवले. गार झाले. उठवलं नाही.

वाऱ्याने धरणाचं पाणी बॉनेटवर उडून आलं होतं. थेंब उभे होते, गोल.